केसांवरच्या लाटा आणि कांडोळाचा डिंक

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत राहायचं. पाणी आधी पातळ ताकासारखं दिसतं, मग हळूहळू अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओघळायला लागतं. गरम असतानाच मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायचं, कारण एकदा गार झालं की ते बियांना सोडायलाच तयार होत नाही. झालं, हेअर जेल तयार!

ही कृती सध्या भलतीच जोरात आहे. कुरळ्या केसांच्या मुली ती एकमेकींना पाठवतात, रीलवर कोणीतरी ती करून दाखवत असतं आणि सोबत एक वाक्य हमखास असतं: एकदम नॅचरल, केमिकल काही नाही, आजीच्या काळातलं आहे! यातला आजीचा भाग खोटा नाही. फक्त ती आजी अमेरिकेतली असण्याची शक्यता जास्त. आपल्या आज्यांनी जवसाची चटणी केली, तेल काढलं, गळवावर जवसाचं पोटीस बांधलं. केसांना मात्र त्यांनी खोबरेल चोपडलं आणि शिकेकाईने ते काढलं. जवसाचं पाणी लावून केसांना लाटा पाडायच्या हा उद्योग १९२०-३०च्या दशकातल्या अमेरिकन बायकांचा.

मला मात्र यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. इतकी सोपी आणि स्वस्त गोष्ट, लागतं काय तर बी आणि पाणी. मग ती स्वयंपाकघरातून उठून बाटलीत कशी गेली? आपलं ठरलेलं उत्तर तयार असतं: कंपन्यांनी जाहिराती केल्या आणि आपण भुललो. थोडं खोदल्यावर कळलं की जाहिराती नंतर आल्या, खरी अडचण आधीपासूनच होती. हे जेल टिकत नाही! गेली पावणेदोनशे वर्षं या धंद्यातली निम्मीअधिक अक्कल 'ते टिकवायचं कसं' यावरच खर्च झालेली आहे. आणि त्याचं एक उत्तर आपल्या सातपुड्यात, इतकंच काय बोरिवलीच्या जंगलातही, पांढऱ्याफटक बुंध्याने उभं आहे. पण ते नंतर.

आधी हे बुळबुळीत प्रकरण म्हणजे नेमकं काय ते बघू. साखरेच्या रेणूंची माळ ओवली, ती हजारो मण्यांची केली, मधूनमधून फांद्या फुटू दिल्या की जे होतं ते. या माळा पाण्यात पसरतात, एकमेकींत गुंततात आणि पाण्याला हलू देत नाहीत. जवसाच्या बीला याचा उपयोग मातीला चिकटून राहायला आणि रुजताना ओल धरायला. सब्जा, इसबगोल, भेंडी यांची बुळबुळ याच जातीची. केसांवर तिचं काम असं: ओल्या केसातले काही नाजूक रासायनिक बंध पाण्याने सुटतात, म्हणून ओला केस वळवाल तसा वळतो. वाळताना ते बंध नव्या आकारात पुन्हा जुळतात. त्याच वेळी बुळबुळीतलं पाणी उडून मागे एक पातळ पापुद्रा उरतो आणि तो केसाला केस चिकटवून आकार धरून ठेवतो. पुन्हा ओल लागली की पापुद्राही विरघळणार आणि बंधही सुटणार. जुलैतल्या मुंबईत केस का बसत नाहीत याचं शास्त्रीय उत्तर एवढंच आहे :-)

आता इतिहास.

१८४०च्या आसपास फ्रान्स-इंग्लंडात बायकांच्या केसांची एक ठरलेली पद्धत होती. मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंनी केस कानांवरून चापूनचोपून खाली आणलेले. एक केस उडता कामा नये. यासाठी जो चिकट द्राव वापरत त्याला बँडोलीन म्हणत. पुरुष तोच मिशांना लावत. बँडोलीन करायचे तीन मुख्य मार्ग होते. क्विन्स नावाच्या फळाच्या बिया भिजवून किंवा उकळून (या बिया आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात, खोकल्याला देतात), आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं आयरिश मॉस नावाचं शेवाळ उकळून, किंवा ट्रॅगाकांथ नावाचा डिंक भिजवून.

लंडनचा अत्तरवाला सेप्टिमस पिएस याने १८५५ मध्ये अत्तरं बनवण्याच्या कलेवर एक पुस्तक काढलं. त्यात गुलाबी बँडोलीनची कृती आहे. ट्रॅगाकांथ ६ औंस, गुलाबपाणी एक गॅलन, गुलाबाचं अस्सल तेल अर्धा औंस. आपल्या मापात १७० ग्रॅम डिंक आणि साडेचार लिटर पाणी. डिंक भिजत घालायचा, मधूनमधून हलवायचा, दोन दिवसांनी जाड्याभरड्या कापडातून पिळायचा, पुन्हा काही दिवस ठेवायचा, पुन्हा गाळायचा आणि मग गुलाबाचं तेल घालायचं. तो पुढे सांगतो की स्वस्तातलं बँडोलीन हवं असेल तर तेल वगळा.

हे वाचताना मी थबकलो. चार-पाच दिवस ओला डिंक उघड्यावर, तेही फ्रीज नसलेल्या काळात? गुलाबाचं तेल, लवंगेचं तेल, कोलोन वॉटरमधला अल्कोहोल ही सगळी मंडळी वासासाठी असतात हे खरं, पण ती जंतूंनाही थोडीफार आवरतात. त्या काळच्या घरगुती कृतींतही बियांच्या पाण्यात शेवटी थोडं कोलोन किंवा स्पिरिट घालायला सांगितलेलं असतं, ते निव्वळ चैनीसाठी नसावं. तेल वगळलेलं ते स्वस्त बँडोलीन आठवड्याभराने कसं वास मारत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

कारण साखळी कितीही लांब असली तरी शेवटी ती साखरेची. त्यात पाणी, आणि वर आपण रोज त्यात बोटं बुडवणार. जंतूंना यापेक्षा चांगलं जेवण कुठे मिळणार?

जेल आणि जंतू यांचं हे नातं ओळखून त्याचं सोनं करणारी एक बाई होऊन गेली, तिच्याबद्दल दोन शब्द इथेच. फॅनी हेसे. मूळची अमेरिकेतली, लग्न होऊन जर्मनीत आली. तिचा नवरा वाल्टर हेसे १८८१ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायची खटपट करत होता आणि हैराण होता. जंतू वाढवायला तो जिलेटिनचं जेल वापरे. ते उन्हाळ्यात वितळे आणि काही जंतू तर जेलच खाऊन टाकत! फॅनी घरी जेली आणि पुडिंगं करायला अगर-अगर वापरायची. आशियात राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून तिला ते समजलेलं होतं. तिने सुचवलं, हे वापरून बघा. अगर शरीराच्या तापमानाला घट्ट राहतं आणि मोजके अपवाद सोडले तर जंतूंना ते पचत नाही. १८८२ मध्ये कोखने क्षयाच्या जंतूवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला, त्यात अगरचा उल्लेख एका ओळीत आहे. फॅनीचं नाव नाही. आज जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिची पुडिंगची युक्ती चालू आहे. (ओपन सोर्सवाल्या आपल्या लोकांना हे दुःख नवीन नाही.)

मुद्दा असा की अगर हा अपवाद आहे. जवसाचं, कोरफडीचं किंवा बिहीदाण्याचं जेल म्हणजे जंतूंना मांडून ठेवलेलं ताट. उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण सगळे बीजाणू मरत नाहीत आणि गार झाल्यावर आपल्या हातांनी नवे पाहुणे येतातच. फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर बरं असतं. बाहेर दोन-तीन दिवसांत ते पातळ होतं, वास बदलतो. गंमत म्हणजे पातळ होणं हीच खूण आहे, कोणीतरी साखळ्या कुरतडायला सुरुवात केलेली असते. पण काही जंतू कसलीही खूण न देता वाढतात, आणि कपाळावरच्या केसांना लावलेली गोष्ट घामाबरोबर डोळ्यात उतरते. १९७०च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्काऱ्यातल्या स्यूडोमोनास जंतूंमुळे डोळ्याच्या बुबुळावर व्रण झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तो तर कंपनीचा माल होता, त्यात टिकाऊपणासाठी औषध घातलेलं होतं, ते पुरं पडलं नाही. आपल्या बरणीत तर तेही नसतं.

टिकवायचे दोनच मार्ग. जंतूंना मारा, नाहीतर पाणी काढून टाका.

पहिल्या मार्गाने गेलं की आपण पॅराबेनपाशी येतो. १९२०च्या दशकात जर्मनीत ही संयुगं टिकाऊपणासाठी पुढे आली. स्वस्त, बिनवासाची, अगदी थोडी पुरणारी. पुढची साठ-सत्तर वर्षं ती क्रीम, लोशन, शाम्पू, औषधं सगळीकडे होती. २००४ मध्ये फिलिपा डार्ब्रे यांच्या गटाने इंग्लंडमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठी तपासल्या, त्यात पॅराबेन सापडलं. गाठींशेजारच्या निरोगी भागात ते किती आहे याची तुलना त्या निबंधात नव्हती आणि पॅराबेनमुळे गाठी झाल्या असं त्यात म्हटलेलंही नव्हतं. पण बातम्या व्हायच्या त्या झाल्याच. 'पॅराबेन-फ्री' ही अक्षरं बाटलीवर आली ती कायमची. युरोपने २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली, दोघांचं प्रमाण कमी केलं आणि मिथाइल व इथाइल पॅराबेन चालू ठेवलं. दरम्यान बऱ्याच कंपन्या घाईघाईने दुसऱ्या एका संयुगाकडे वळल्या, त्याचं नाव मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्याने इतक्या लोकांना त्वचेची ॲलर्जी झाली की अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला २०१३ चा 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं (असाही पुरस्कार असतो!) आणि धुऊन न टाकायच्या क्रीम-लोशनांत ते वापरायला युरोपने २०१७ पासून मनाई केली. चालू असलेला सर्व्हर अफवेवरून बंद करून न तपासलेला नवा लावला की काय होतं, ते आपण ऑफिसात बघतोच.

दुसरा मार्ग यापेक्षा खूप जुना. पाणीच नको. कोरडी पूड ठेवा, लागेल तेव्हा पाण्यात कालवा. इथे बियांची अडचण होते, त्यांची बुळबुळ काढायला आधी पाणीच लागतं. पण झाडांनी ही सोय आपणहून करून ठेवलेली आहे. सालीला जखम झाली की काही झाडं चीक सोडतात, तो हवेत वाळून खडा होतो. जखम बुजवायला झाडाने बनवलेली ही वस्तू कोरडी, हलकी, वर्षभर टिकणारी. जहाजात घाला आणि पाठवा कुठेही.

या धंद्याचा राजा ट्रॅगाकांथ. इराण आणि तुर्कस्तानच्या कोरड्या डोंगरांवरच्या काटेरी झुडपांचा डिंक. ग्रीकांनाही तो माहीत होता, नावच मुळी ग्रीक, 'बोकड' आणि 'काटा' यांपासून झालेलं. पाण्यात फुगतो, गुळगुळीत, घट्ट जेल देतो. औषधं, क्रीम, केसांचे द्राव, सगळीकडे चालायचा. पण महाग. आणि झुडुपाच्या मुळाशी चिरा देऊन एकेक पट्टी गोळा करायची म्हणजे माल थोडाच निघणार.

महाग मालाला स्वस्त जुळा भाऊ शोधणं हा व्यापाऱ्याचा धर्म. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा जुळा भाऊ मुंबईच्या गोदामांतून जायला लागला. त्याला तिकडे 'इंडियन गम' म्हणत किंवा 'भारतीय ट्रॅगाकांथ'. सुरुवातीला तो बहुधा खऱ्या ट्रॅगाकांथमध्ये गुपचूप मिसळला जायचा. अमेरिकेत १९०६ मध्ये अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला, मग सरकारी रसायनतज्ज्ञ या भेसळीच्या मागे लागले. पकडायला एक छान खूण मिळाली: आम्लात उकळलं की हिंदुस्थानी डिंकातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर, भरपूर निघतं, ट्रॅगाकांथमधून अगदी थोडं. या डिंकाच्या साखळ्यांना ॲसिटाइल गट लोंबत असतात, ते हळूहळू सुटत राहतात. म्हणून बंद डबा उघडला की आंबट वास येतो.

हा डिंक म्हणजे कराया. झाडाचं नाव कांडोळ, काही जण कहांडोळ म्हणतात. शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया युरेन्स, ठेवलं विल्यम रॉक्सबर्गने १७९५ मध्ये. 'युरेन्स' म्हणजे दाह करणारी, कारण फळांवर खाजऱ्या कुसांसारखे केस असतात. ज्यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा मेळघाटात उन्हाळ्यात भटकंती केली आहे त्यांनी हे झाड नक्की पाहिलेलं असणार. पानं गळालेली, साल कागदासारखी सुटणारी आणि बुंधा चांदण्यात चमकेल असा पांढरा. इंग्रजीत घोस्ट ट्री म्हणतात ते यामुळेच. खडकाळ उतारावर, जिथे दुसरं काही धड उगवत नाही, तिथे हे एकटंच उभं असतं.

इथे एक खुलासा. डिंकाच्या लाडवात घालतो तो हा डिंक नव्हे. लाडवाचा डिंक बाभूळ-धावड्याच्या जातीचा, तो पाण्यात विरघळतो. कराया जवळजवळ विरघळतच नाही, फुगतो. चिमूटभर खडे रात्री भिजत घातले तर सकाळी वाडगं भरलेलं असतं. बाजारात 'कतीरा' म्हणून जे मिळतं ते कधी खरं ट्रॅगाकांथ असतं, कधी कांडोळाचं, कधी सोनसावरीचं. तिन्ही फुगतात, त्यामुळे गिऱ्हाईकाचं काही अडत नाही.

भेसळ म्हणून गेलेला हा माल पुढे स्वतःच्या नावाने विकला जायला लागला, आणि त्याला मोठी मागणी आली ती एका फॅशनमुळे.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिका-युरोपातल्या बायकांनी केस कापले. बॉब. आखूड केस नुसते सोडले तर शाळकरी पोरासारखे दिसतात म्हणून त्यांना लाटा पाडायच्या. लाटांची कल्पना जुनी होती, मार्सेल ग्रातो नावाच्या फ्रेंच केशकाराने १८७२ मध्ये तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडायचं तंत्र काढलं होतं. पण चिमट्याने केस जळत. १९२०च्या दशकात 'फिंगर वेव्ह' आली. यात आच नाही. ओल्या केसांना घट्ट बुळबुळीत द्राव लावायचा, तर्जनी दाबून धरायची, कंगव्याने केस एका दिशेने ओढायचे, मग बोट खाली सरकवून उलट दिशेने. एकेक लाट अशी बोटाने घडवायची आणि तशीच वाळू द्यायची. जीन हार्लोचे फोटो बघा. किंवा जोसेफिन बेकरचे, तिचे तर केस कपाळावर रंगवल्यासारखे बसलेले असायचे, आणि 'बेकरफिक्स' नावाचं पोमेड तिच्या नावावर पॅरिसमध्ये खपायचं.

या सगळ्या खेळात द्राव हाच कणा. तो नुसता चिकट असून भागत नाही. बोटाखाली घसरला पाहिजे, बोट उचलल्यावर जागेवर थांबला पाहिजे, वाळल्यावर कडक झाला पाहिजे. करायाला हे तिन्ही जमत होतं आणि ट्रॅगाकांथच्या मानाने तो फारच स्वस्त होता. पार्लरवाल्या बायका पूड किंवा दाट द्राव आणून पाण्यात वाढवत. आणि ज्यांना पार्लर परवडत नव्हतं, विशेषतः १९२९ नंतरच्या मंदीत, त्या घरी जवस उकळत होत्या. म्हणजे आजच्या रीलवरची कृती मुळात गरिबीतली काटकसर होती. आज तीच 'प्रीमियम' म्हणून काचेच्या बरणीत विकली जाते, असो.

कराया अगदी गुणाचाच होता असंही नाही. वाळलेला पापुद्रा विंचरताना कोंड्यासारखा झडे. बारीक पूड दमट हवेत ठेवली तर काही आठवड्यांत तिचा घट्टपणा उतरे, आणि व्हिनेगरचा वास तर पाचवीला पुजलेला. म्हणजे पाणी काढूनही काळापासून पूर्ण सुटका नव्हतीच. जर्मनीत वाल्टर रेपेने १९३९ मध्ये पीव्हीपी नावाचं कृत्रिम पॉलिमर काढलं होतं. युद्धात ते रक्तद्रवाला पर्याय म्हणून सैनिकांच्या शिरांत गेलं आणि १९५०च्या दशकात हेअरस्प्रे होऊन बायकांच्या केसांवर. पारदर्शक, न झडणारं, आणि मुख्य म्हणजे जंतूंना न आवडणारं. त्याच दशकाच्या शेवटी कार्बोपोल आलं. आज दुकानातलं जे काचेसारखं स्वच्छ जेल दिसतं ते बहुतेक कार्बोपोल किंवा त्याच्या भावंडांचं. घरगुती क्रीम करणारे हल्ली झँथन गम वापरतात, त्याची गोष्ट तर उफराटी आहे. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत ॲलिन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात ते शोधलं, आणि ते बनवतो कोण? कोबीवर काळी कूज आणणारा जंतू. ज्यांच्यापासून जेल वाचवायचं त्यांच्याच भावकीला कामाला लावलं!

फिंगर वेव्हची फॅशन ओसरली, कराया केसांतून गेला. पण पूर्ण गेला नाही. ओल्या कातडीला चिकटून राहायचा त्याचा गुण दाताच्या कवळ्या बसवणाऱ्यांना आधीच माहीत होता. क्लीव्हलँड क्लिनिकमधले सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात तो वेगळ्याच जागी वापरला. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या पोटावर कायमची पिशवी लावावी लागते त्या रुग्णांची पिशवीभोवतालची कातडी सतत ओलीने सोलवटून निघायची. टर्नबुलनी तिथे करायाची पूड वापरली आणि ती कातडीला धरून राहिली, तिचं रक्षण झालं. पुढे करायाच्या चकत्या आल्या. कित्येक वर्षं जगभरच्या या रुग्णांची कातडी शाबूत राहिली ती आपल्या जंगलातल्या एका झाडाच्या खपलीमुळे. लाटांपेक्षा मला हा उपयोग कितीतरी मोठा वाटतो.

आता त्या झाडाकडे. डिंक आपोआप फार थोडा येतो. जास्त हवा तर जखम करावी लागते. मार्च ते जूनच्या उन्हात जंगलातले आदिवासी कुऱ्हाडीने सालीचा तुकडा उडवतात, एका दिवसात चीक बाहेर यायला लागतो, काही दिवसांत खडे धरतात, ते खरवडून आणायचे. हंगामात एका झाडाचा १ ते ५ किलो. मग तो व्यापाऱ्याकडे, तिथून मुंबईला. मुंबईत बायका-माणसं बसून रंगावरून आणि सालीच्या कचऱ्यावरून प्रतवारी करायची, पांढरा स्वच्छ खडा वरच्या भावाचा, तांबडा-काळपट खालचा.

यात मेख कुठे आहे ते लक्षात येईल. गोळा करणाऱ्याला किलोवर पैसे. जंगल त्याच्या मालकीचं नाही, पुढच्या वर्षी हे झाड त्यालाच मिळेल याची खात्री नाही. मग घाव खोल जातो, रुंद जातो, एकाच बुंध्यावर चारी बाजूंनी जातो. साल पूर्ण वेढली गेली की अन्नरस खाली मुळांना पोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरतं. नवीन रोपं सहज येत नाहीत. आंध्रापासून मध्य भारतापर्यंत कांडोळ विरळ होत गेला आणि काही राज्यांत वनखात्याला डिंक काढायला बंदी घालावी लागली. बंदीने झाड वाचलं असेल, पण उन्हाळ्यात हातात दुसरं काही नसणाऱ्या माणसाची मिळकत गेली. पार्लरमधल्या बाईला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तिच्या बाटलीवर फक्त 'वेव्ह सेट' लिहिलेलं.

यावर काम झालं ते आंध्रात. तिथे आदिवासींचा माल घेणारं सरकारी गिरिजन सहकारी महामंडळ १९५६ पासून आहे. नंतर विशाखापट्टणमच्या कोवेल फाउंडेशनने डिंक काढणाऱ्यांना शिकवायला घेतलं. कुऱ्हाड ठेवायची, धारदार छोटं हत्यार घ्यायचं, सालीची पातळ चकती काढायची, घाव आतल्या लाकडाला लागू द्यायचा नाही, एका वेळी बुंध्याची एकच बाजू, आणि झालेला घाव भरून यायला वेळ द्यायचा. खडा फरशीवर किंवा मातीत न वाळवता स्वच्छ कापडावर वाळवायचा. झाड जगतं, आणि कचरा कमी असल्याने खडा वरच्या प्रतीत जातो, भावही बरा मिळतो. केंद्र सरकारने २०१३ मध्ये वनोपजांना किमान आधारभूत किंमत द्यायची योजना आणली तेव्हा पहिल्याच यादीत कराया होता, किलोला १०८ रुपये.

एप्रिलमध्ये बोरिवलीला गेलात तर कांडोळ शोधणं अवघड नाही, भोवतालच्या करड्या झाडांत तो दुरूनच पांढरा दिसतो. जवळ गेल्यावर एखाद्या जुन्या, भरून आलेल्या चिरेपाशी पिवळसर खडा अडकलेला दिसू शकेल. तो काढायचा नाही, राष्ट्रीय उद्यान आहे. नाक जवळ नेऊन वास घ्यायला मात्र मनाई नाही. पावसाने भिजलेला नसेल तर किंचित व्हिनेगर.